ऑफिसचं सॉफ्टवेअर बनवायचंय? लँग्वेज सगळ्यात शेवटी निवडा!



आपल्या प्रत्येक बॅचमध्ये एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, बिलं, स्टॉक, उधारी यासाठी कॉम्प्युटरवर चालणारं स्वतःचं सॉफ्टवेअर बनवायचं आहे. कुठली लँग्वेज घेऊ? पायथन, जावा की सी शार्प?" विचारणारे दोन प्रकारचे असतात. काहींना स्वतःच्या धंद्यासाठी बनवून घ्यायचं असतं, तर काहींना बनवून दुकानदारांना विकायचं असतं. आजचा लेख दोघांसाठी आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. माझं शिक्षण बीबीए आणि माझं दुकान हार्डवेअरचं. हार्डवेअर म्हणजे खिळे, बिजागऱ्या, नळ, पाइप, रंगाचे डबे. कॉम्प्युटरचं हार्डवेअर नव्हे! मी प्रोग्रॅमर नाही. पण या प्रश्नाची फी मी भरलेली आहे, तीही चांगलीच.

आमच्या दुकानात काय झालं

२००९ मध्ये बाबांनी ओळखीतल्या एका मुलाकडून बिलिंगचा प्रोग्रॅम करून घेतला. हुशार मुलगा. बारा हजार रुपये घेतले आणि दोन महिन्यांत काम पूर्ण केलं. मराठीत बिल निघायचं, उधारीचं खातं एका बटणावर दिसायचं. बाबा येईल त्याला कौतुकाने दाखवायचे. लँग्वेज होती व्हीबी ६. तेव्हा आम्हाला त्याचं काही देणंघेणं नव्हतं. नंतर कळलं, की मायक्रोसॉफ्टने त्या टूलचा सपोर्ट एप्रिल २००८ मध्येच बंद केला होता. म्हणजे आमचं घर बांधायला घेतलं तेव्हा त्या विटांची भट्टी बंद होऊन वर्ष झालं होतं.

तरी आठ वर्षं सुरळीत गेली. मग १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. बिलावर एचएसएन कोड, सीजीएसटी, एसजीएसटी असे नवे रकाने लागणार होते. त्या मुलाला फोन केला. तो आता मोठ्या शहरात नोकरीला होता. म्हणाला, "ताई, सोर्स कोड जुन्या लॅपटॉपमध्ये होता. तो लॅपटॉप मी कधीच विकला."

आमच्याकडे होती फक्त ईएक्सई फाइल. म्हणजे प्लास्टर केलेली भिंत. आत पाइप कुठून गेलाय ते दिसत नाही आणि भिंत फोडायचीही सोय नाही.

एका जाणकाराने डेटाबेसचा पासवर्ड काढून फाइल उघडली. आकडे नीट दिसले, पण गिऱ्हाइकांच्या नावांच्या जागी अगम्य चिन्हं! कारण व्हीबी ६ च्या नेहमीच्या चौकटींना युनिकोड कळत नाही. तिथे देवनागरी टाकली की प्रश्नचिन्हं उमटतात. म्हणून त्या मुलाने इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेला जुना फॉन्ट वापरला होता. प्रोग्रॅमच्या आत नाव दिसायचं "पाटील", बाहेर काढलं की नुसता कचरा.

शेवटी मी आणि बाबांनी रात्री बसून स्क्रीनवर बघत ४१२ खाती वहीत उतरवली. दिवसा हाताने बिलं, रात्री वही. एका कंत्राटदाराची दोन साइटची दोन खाती होती. नाव एकच, म्हणून आम्ही चुकून एकच उतरवलं. आठ महिन्यांनी लक्षात आलं, तोवर जुना कॉम्प्युटर भंगारात गेला होता. पुरावा नाही, म्हणून ३८ हजार रुपये सोडून दिले. पैशापेक्षा जास्त लागलं ते बाबांचं वाक्य: "वहीच बरी होती गं."

चूक त्या मुलाची एकट्याची नव्हती, हेही सांगायला हवं. आठ वर्षांत आम्ही त्याला एक रुपया मेंटेनन्स दिला नाही. सोर्स कोड मागितला नाही. लँग्वेज विचारली नाही. फुकटात फोन मात्र भरपूर केले.

नळाचा नियम

माझ्या काउंटरवर गिऱ्हाईक विचारतं, "सगळ्यात चांगला नळ कोणता?" मी उलट विचारते, "तुमचा प्लंबर कोण? पाणी क्षाराचं आहे का? याचा स्पिंडल गेला तर गावात मिळेल का?" या उत्तरांवरून नळ आपोआप ठरतो.

लँग्वेजचंही तसंच आहे. "बेस्ट लँग्वेज" असं काही नसतं. दहा वर्षांनी तुमचा प्रोग्रॅम कोण दुरुस्त करणार, हे ज्या लँग्वेजमध्ये सांगता येतं ती तुमची लँग्वेज. म्हणून लँग्वेजचं नाव काढण्याआधी या पाच प्रश्नांची उत्तरं कागदावर लिहा.

प्रश्न १: हे बनवायला हवंच का?

हिशोब आणि जीएसटी रिटर्नसाठी टॅलीसारखी तयार सॉफ्टवेअर बाजारात आहेत. नियम बदलला की ती कंपनी अपडेट देते. तुमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल, म्हणजे कुठली नोंद केव्हा बदलली याचा माग, सक्तीचा आहे. हे सगळं स्वतः बनवत बसू नका.

बनवायचं ते फक्त तुमच्या धंद्याचं खास असं काम. आमच्याकडे ते काय आहे? कंत्राटदाराची साइटनुसार उधारी, कोटेशन आणि चलन, आणि कोणत्या घराला कोणता शेड मिक्स करून दिला याची नोंद. हे तयार सॉफ्टवेअरमध्ये आम्हाला हवं तसं मिळत नव्हतं. तुमचंही असं काम आधी महिनाभर एक्सेलमध्ये करून बघा. एक्सेलमध्ये भागलं तर पैसे वाचले. नाही भागलं, तर नेमकं काय हवंय ते तरी कळेल.

प्रश्न २: कुठल्या मशीनवर चालणार?

डेव्हलपरच्या नव्या लॅपटॉपवर सगळंच पळतं. आपल्या काउंटरवर चार जीबी रॅमचं जुनं मशीन असतं. कित्येक दुकानांत अजून विंडोज ७ आहे. पायथन ३.९ पासून पुढच्या आवृत्त्या विंडोज ७ वर चालत नाहीत. इलेक्ट्रॉनच्या २०२३ नंतरच्या आवृत्त्याही चालत नाहीत. सी शार्पसाठी लागणारं डॉटनेट फ्रेमवर्क ४.८ मात्र विंडोज ७ पासून ११ पर्यंत चालतं. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्टही १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. त्यामुळे "मशीन बदलणार का?" हे आधी ठरवा, लँग्वेज नंतर.

प्रश्न ३: कशाकशाला जोडायचं?

बारकोड स्कॅनरची चिंता नको. साधा यूएसबी स्कॅनर कीबोर्डसारखाच वागतो, कुठल्याही लँग्वेजमध्ये चालतो. डोकेदुखी होते ती प्रिंटरची. दोन किंवा तीन इंची थर्मल प्रिंटर, चलनासाठी डॉट मॅट्रिक्स, वजनकाटा, जे काही असेल ते डेव्हलपरसमोर ठेवा आणि म्हणा, "आधी यावर एक ओळ छापून दाखव." एका दुपारचं काम आहे, पुढचे दोन महिने वाचतात.

प्रश्न ४: मराठी हवी का?

हवी असेल तर युनिकोडच हवी. वर सांगितलेली सगळी रात्रपाळी याच एका मुद्द्यामुळे झाली. आजच्या सी शार्प, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट या सगळ्यांना युनिकोड कळतं. चाचणी सोपी आहे. प्रोग्रॅममध्ये "श्रीकृष्ण कुऱ्हाडे" असं नाव भरा, मग ते शोधा, छापा आणि एक्सेलमध्ये बाहेर काढा. चारही ठिकाणी नीट दिसलं तर पास. थर्मल प्रिंटरवर खास लक्ष द्या. बऱ्याच स्वस्त प्रिंटरमध्ये देवनागरी अक्षरं नसतात, तिथे मजकूर चित्र म्हणून पाठवावा लागतो.

प्रश्न ५: एका वेळी किती जण वापरणार?

एकच मशीन असेल तर एसक्यूलाइट उत्तम. पूर्ण डेटाबेस एका फाइलमध्ये मावतो, फुकट आहे आणि बॅकअप घेणं सोपं. पण ती फाइल नेटवर्कवर शेअर करून तीन जण एकदम लिहायला लागले, तर ती बिघडण्याचा धोका असतो. काउंटर, गोडाऊन आणि ऑफिस अशी तीन मशीन असतील तर पोस्टग्रेस किंवा एसक्यूएल सर्व्हर एक्सप्रेससारखा डेटाबेस घ्या. हेही फुकट मिळतात.

आता लँग्वेजकडे वळू

*एक्सेल किंवा अ‍ॅक्सेसमधले मॅक्रो:* सुरुवातीला झकास. पण एक्सेलच्या एका शीटमध्ये १०,४८,५७६ ओळींची मर्यादा आहे आणि अ‍ॅक्सेसची फाइल दोन जीबीच्या वर जात नाही. शिवाय इंटरनेटवरून आलेल्या फाइलमधले मॅक्रो ऑफिस २०२२ पासून आपोआप अडवतं. म्हणजे स्वतःपुरतं ठीक, विकायला नको.

*व्हीबी ६ आणि फॉक्सप्रो:* यात बनवलेली जुनी सॉफ्टवेअर आजही कित्येक दुकानांत चालतात. चालत असेल तर बॅकअप घ्या आणि बदलायची तयारी ठेवा. नवीन काम यात कुणी करून देतो म्हणाला, तर नमस्कार करून उठा.

*सी शार्प:* काउंटरवर फक्त विंडोज असेल तर माझा पहिला कौल याला. विंडोजच्या खिडक्या पटकन बनतात, प्रिंटरशी जुळतं, कीबोर्डवर भराभर काम होतं. व्हिज्युअल स्टुडिओची कम्युनिटी आवृत्ती एकट्या डेव्हलपरला आणि छोट्या टीमला फुकट आहे. आणि मुख्य म्हणजे हे येणारी माणसं तालुक्याच्या गावातही सापडतात.

*जावा:* काही मशीन विंडोजवर आणि काही लिनक्सवर असतील तर विचार करा. १९९५ पासून टिकून आहे, कॉलेजात शिकवतात, त्यामुळे माणसं भरपूर. फक्त ओरॅकलच्या जावाचे लायसन्सचे नियम मध्यंतरी बदलले आहेत. म्हणून डेव्हलपरला "ओपनजेडीके वापर" असं सांगा, ते मोफत आहे.

*पायथन:* शिकायला सोपी. एक्सेलच्या फाइली वाचणं, रिपोर्ट काढणं यात हिचा हात धरणारं कोणी नाही. स्वतः शिकून स्वतःसाठी बनवायचं असेल तर हीच घ्या. विकणाऱ्यांनी मात्र दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, गिऱ्हाइकाला देण्यासाठी ईएक्सई बनवली की फाइल मोठी होते आणि कधीकधी अँटिव्हायरस तिलाच व्हायरस समजतो. दुसरी, स्क्रीन बनवायला पायक्यूटी वापरलं आणि तुमचा कोड तुम्हाला गुप्त ठेवायचा असेल, तर त्याचं लायसन्स विकत घ्यावं लागतं. पायसाइड हा त्याला मोकळा पर्याय आहे.

*जावास्क्रिप्ट आणि इलेक्ट्रॉन:* तुमचा डेव्हलपर वेबसाइट बनवणारा असेल, तर तो हेच सुचवेल. दिसायला सुंदर. पण प्रत्येक प्रोग्रॅमच्या पोटात अख्खा क्रोमियम ब्राउझर असतो. चार जीबीच्या मशीनवर हा, व्हॉट्सअ‍ॅप आणि टॅली एकत्र चालवून बघा, मग ठरवा.

पैशाची परीक्षा, कुठल्याही लँग्वेजसाठी

हा भाग डेव्हलपरला जरूर वाचायला द्या. कॉम्प्युटरमध्ये दशांश आकडे ठेवायची जी नेहमीची पद्धत आहे, तिच्यात ०.१ आणि ०.२ मिळवले की उत्तर बरोबर ०.३ येत नाही, ०.३०००००००००००००००४ येतं. दिवसाला दोनशे बिलं झाली की अशा चुका कधीतरी पैशात दिसतात. उपाय प्रत्येक लँग्वेजमध्ये आहे. सी शार्प आणि पायथनमध्ये डेसिमल, जावामध्ये बिगडेसिमल. किंवा सरळ सगळा हिशोब पैशांत, पूर्ण आकड्यांत ठेवायचा.

दुसरी गंमत राउंडिंगची. १२५०.५० आणि १२५१.५० हे दोन आकडे पूर्ण रुपयात करायला सांगा. आपण १२५१ आणि १२५२ म्हणू. पण सी शार्प आणि पायथनचं नेहमीचं राउंडिंग १२५० आणि १२५२ देतं, कारण बरोबर अर्धा असेल तर ते जवळच्या सम आकड्याकडे जातं. ही पद्धत चूक नाही, पण तुमच्या सीएची पद्धत कोणती आणि प्रोग्रॅमची कोणती, हे जुळायला हवं. नाहीतर महिनाअखेरीस रुपया रुपयासाठी डोकं धरून बसाल.

तिसरी गोष्ट, टॅक्सचे दर. हे कोडमध्ये गाडून ठेवायचे नाहीत. वेगळ्या टेबलमध्ये तारखेसह ठेवायचे. २२ सप्टेंबर २०२५ ला सिमेंट २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आलं. आमच्या आत्ताच्या सी शार्पमधल्या प्रोग्रॅममध्ये मी स्वतः काउंटरवर बसून नवा दर आणि तारीख भरली. दहा मिनिटं लागली. जुनी चलनं जुन्या दराने दिसत होती, नवी नव्या दराने. त्या सकाळी मला २०१७ चा जुलै आठवला आणि बाबांना मुद्दाम बोलावून दाखवलं. ते काही बोलले नाहीत. चहा मागवला!

लेखी काय घ्यायचं?

लँग्वेज बरोबर निवडली आणि कागद केला नाही, तर परत तीच भिंत. कॉपीराइट कायदा १९५७ प्रमाणे, बाहेरच्या माणसाकडून प्रोग्रॅम करून घेतला तर वेगळा करार नसताना त्याचा मालक साधारणपणे तो लिहिणाराच असतो, पैसे तुम्ही दिले तरी. हक्क तुमच्याकडे हवे असतील तर ते लेखी, सहीनिशी घ्यावे लागतात. त्यात मुदत लिहिली नाही, तर कायदा ती पाच वर्षं धरतो. म्हणून "कायमस्वरूपी" हा शब्द विसरू नका. मोठं काम असेल तर वकिलाला दाखवा.

करारात एवढं असू द्या:

- पूर्ण सोर्स कोड, प्रत्येक बदलानंतर ताजा
- डेटाबेसचा पासवर्ड आणि सगळा डेटा एक्सेलमध्ये काढण्याचं बटण
- लँग्वेजची आवृत्ती आणि वापरलेल्या बाहेरच्या प्रत्येक भागाचं नाव व लायसन्स
- वर्षाचा मेंटेनन्स आणि त्याची रक्कम

आणि शेवटचा हप्ता देण्याआधी एक चाचणी. तुम्हाला दिलेल्या सोर्स कोडवरून, दुसऱ्या मशीनवर, तुमच्या डोळ्यांसमोर प्रोग्रॅम नव्याने तयार करून दाखवायला सांगा. पेन ड्राइव्हमध्ये कोड आहे एवढ्याने भागत नाही, त्याच्यातून प्रोग्रॅम उभा राहिला पाहिजे. आम्ही नवा प्रोग्रॅम घेताना हे केलं, तेव्हा एक फाइल राहिल्याचं तिथल्या तिथे सापडलं. शक्य असेल तर तो कोड वाचू शकेल असा दुसरा माणूसही शोधून ठेवा. एकाच माणसावर टांगलेला धंदा हा धंदा नसतो, उधारी असते.

बनवून विकणाऱ्यांसाठी

तुम्हाला जी लँग्वेज आत्ता नीट येते, तिच्यातच पहिलं सॉफ्टवेअर बनवा. दुकानदार तुमची लँग्वेज विकत घेत नाही. "जीएसटी बदलला तर हा फोन उचलेल" हा भरवसा विकत घेतो. त्यामुळे एकदाच बारा हजार घेऊन गायब होण्यापेक्षा, सुरुवातीला थोडे कमी घ्या आणि दरवर्षी मेंटेनन्स घ्या. तुमचं घर चालेल तर तुम्ही फोन उचलाल. गिऱ्हाइकाला त्याचा डेटा कधीही काढता येईल असं बटण द्या. बटण असलं की लोक पळून जातात असं वाटतं, पण मी मात्र त्या बटणामुळेच आत्ताच्या डेव्हलपरकडे टिकून आहे.

तुमचा होमवर्क

तुमच्याकडे आत्ता एखादं सॉफ्टवेअर चालू असेल, तर आजच तीन गोष्टी तपासा. सोर्स कोड कुणाकडे आहे? डेटा एक्सेलमध्ये निघतो का? बनवणाऱ्याचा नंबर लागतो का? तीनपैकी दोन उत्तरं "नाही" असतील, तर पुढचा नियम बदलायची वाट बघू नका, आत्ताच हालचाल करा.

आणि नवीन बनवणार असाल, तर पाच प्रश्नांचा कागद आधी भरा. मग डेव्हलपरला भेटा. बघा, "मॅडम, कुठली लँग्वेज?" हा प्रश्न तुम्हाला विचारावाच लागणार नाही.

पुढच्या व्हिडिओत एक्सेलमध्ये साइटनुसार उधारीची शीट कशी बनवायची ते करून दाखवणार आहे. वही-पेन घेऊन बसा. भेटूया!